३ एचपीचा टेबल सॉ, शेजाऱ्यांची नोटीस आणि तुमचं लाइट बिल

नमस्कार काका,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. काका नाशिकला ट्विन बंगल्यात राहतात, रिटायर झाल्यावर सातपूर एमआयडीसीतल्या एका बंद होणाऱ्या युनिटमधून जुना बिडाचा टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) घेतला, १० इंची ब्लेड, ३ एचपीची सिंगल फेज मोटर, आणि गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटलं. शेजारच्यांची आणि यांची एक भिंत कॉमन. आता शेजाऱ्यांनी वकिलाची नोटीस पाठवलीय की रहिवासी भागात ३ एचपीची मोटर बेकायदेशीर आहे, मोबाईलवर ९८ डेसिबल आवाज मोजलाय, तुम्ही विनापरवाना आरा मिल चालवताय, आणि १५ दिवसांत बंद केलं नाही तर ५ वर्षं कैद प्लस ५ लाख नुकसानभरपाई. काकांचा प्रश्न एवढाच की मोटर बदलून २ एचपीची बसवली तर मिटेल का.

नाही मिटणार. आणि उगाच खर्च पण करू नका.

घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्याने किती एचपीची मोटर वापरायची असा आकडा आवाजाच्या नियमांमध्ये कुठेच नाही, तिथे मोजतात तो आवाज. आणि आवाज मोटरपेक्षा ब्लेडचा जास्त असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. तुमची इंडक्शन मोटर आहे, मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास फिरणारी, ती नुसती घुमते. ती जी किंकाळी येते ती दात लाकडात शिरतात त्याची. उलट बाजारातले हलके पोर्टेबल सॉ १,५०० ते २,००० वॅटचे, म्हणजे तुमच्यापेक्षा कमी पॉवरचे, पण ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर (मिक्सरमध्ये असते तसली) असल्यामुळे नुसते चालू केले तरी बोंबलतात. २ एचपी बसवलीत तर जाड सागवानात मशीन दमणार, कट हळू जाणार, म्हणजे तोच आवाज जास्त वेळ.

आरा मिलचा मुद्दा तर मला वाटतं त्यांच्या वकिलांनी जागा भरायला टाकलाय. ते लायसन्सचं प्रकरण गोल ओंडके चिरणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही वखारीतून चिरलेलं लाकूड आणि प्लाय आणता. फक्त सागाची बिलं फाईलला लावून ठेवा, फेकू नका.

५ वर्षं कैद हे पण जुनं झालं. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे, ते पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली येतात, आणि त्या कायद्यातली कैदेची तरतूद जनविश्वास कायद्याने बदलली, १ एप्रिल २०२४ पासून तिथे दंड आहे, १० हजार ते १५ लाख. हसू नका, १५ लाख पण काही कमी नाहीत, पण जेलची भीती डोक्यातून काढा. सार्वजनिक उपद्रव म्हणून पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम २९२ लावलंच तर त्यात १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि एका घराच्या त्रासाला सार्वजनिक म्हणणं तसं अवघडच.

आता आवाज. इथे मात्र तुम्ही मेलमध्ये जेवढे निर्धास्त वाटलात तेवढे राहू नका. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर गेलं की नियमाप्रमाणे तक्रार करता येते, म्हणजे दिवसा तुमच्यासाठी ६५ हा आकडा. त्यांचा ९८ मी मानत नाही, कारण शटर उघडं असताना मशीनसमोर उभं राहून मोबाईल अ‍ॅपवर घेतलेलं रीडिंग आहे ते, कॅलिब्रेशन नाही काही नाही. पण तुम्हीच लिहिलंय की त्यांच्या हॉलच्या खिडकीशी तुमच्या अ‍ॅपवर ७८ येतं, आणि पुढे लिहिलंय की "पण मी तासात जेमतेम दहा मिनिटं चालवतो, सरासरी काढली तर काहीच नाही". काका, डेसिबलची सरासरी भाजीच्या हिशोबासारखी निघत नाही. तासातला एक षष्ठांश वेळ मशीन चालली तर सरासरी साधारण ८ डेसिबलने कमी होते, बास. म्हणजे ७८चे ७०. अजूनही ६५च्या वर. उद्या कोणी प्रमाणित मीटर घेऊन त्या खिडकीशी उभं राहिलं तर तुमचा हा युक्तिवाद तुमच्याच अंगावर येईल, म्हणून उत्तरात तो अजिबात लिहायचा नाही.

आणि ते मखर. पुतण्याचं मखर कापायला रात्री साडेअकरापर्यंत मशीन चालवली आणि वर "गणपतीत १२ पर्यंत चालतं ना" असं विचारताय. ती सवलत लाउडस्पीकरला असते हो, ती पण सरकारने जाहीर केलेल्या दिवसांपुरती, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. प्लाय कापायला नाही. नोटिशीत त्या रात्रीचा उल्लेख तारखेसकट आहे आणि माझ्या मते शेजारी खरे बिथरले ते त्या रात्रीच.

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटतेय जी त्यांच्या नोटिशीत नाहीये, अजून तरी. तुम्ही सहज लिहून गेलात की भाची इन्स्टावर तुमचे चॉपिंग बोर्ड आणि देव्हारे विकून देते, महिन्याला चार-पाच पीस. इथे हौस संपली आणि धंदा सुरू झाला. बांधकाम नियमावलीत घरगुती व्यवसायाची सोय आहे, घरातल्याच माणसाने करायचा, पगारी कामगार नाही, बाहेर बोर्ड नाही, घरात बनवलेलंच विकायचं, इथपर्यंत तुम्ही सगळ्यात बसता. पण त्याच व्याख्येत पुढे असं आहे की घरात नेहमी वापरतात तसली यंत्रं सोडून दुसरी यंत्रं वापरायची नाहीत. मिक्सर, शिलाई मशीन ठीक. बिडाच्या बेडचा ३ एचपी सॉ घरगुती यंत्र आहे हे मी कोर्टात कोणत्या तोंडाने सांगू? त्यात गॅरेज मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेलं असणार, म्हणजे महापालिकेत एक अर्ज गेला की तुम्हाला वापरबदलाची नोटीस.

दुसरं तुमचं लाइट बिल. जे जोडलंत त्यावर मंजूर भार २ किलोवॅट छापलाय. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे एकट्या सॉची मोटर २.२ किलोवॅटची झाली, वर भुशाचा व्हॅक्यूम वेगळा, घरातला फ्रीज-गिझर वेगळा. स्टार्ट करताना इंडक्शन मोटर पाच-सहा पट करंट ओढते, शेजारी जे म्हणतायत ना की आमचे दिवे मिचमिचतात, ते बहुतेक खरं असेल. महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज याच आठवड्यात टाका. आणि घरगुती कनेक्शनवर विक्रीचा माल बनवणं म्हणजे वीज कायदा २००३ कलम १२६ चा विषय होऊ शकतो, त्यात दुप्पट दराने आकारणी होते, कधीपासून चालू होतं ते कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. चोरीचं कलम वेगळं, १३५, त्याला घाबरू नका. तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. महावितरणच्या टॅरिफमध्ये घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत घरगुतीच दर लावायची सोय दिलेली आहे, आणि तुमचं बिल महिना २१० युनिटच्या आसपास येतंय. चालू टॅरिफ ऑर्डरमधलं ते पान प्रिंट काढून बिलांसोबत ठेवा, तपासणीला कोणी आलं आणि तात्पुरती आकारणी हातात दिली तर ३० दिवसांत हरकत घ्यायची, त्यात हेच लावू.

मग आता करायचं काय. इन्स्टावरची विक्री भाचीला थांबवायला सांगा, निदान हे निस्तरेपर्यंत. विकायचंच असेल तर अंबडला किंवा सातपूरला कुणाच्या शेडमध्ये कोपरा भाड्याने घ्या. नोटिशीला १५ दिवसांच्या आत स्पीड पोस्टाने उत्तर गेलं पाहिजे. नोटीस म्हणजे कोर्टाची ऑर्डर नाही, पण गप्प बसलात तर उद्या कोर्टात मनाई हुकूम मागताना पहिलं वाक्य तेच असेल, की बघा साहेब, उत्तरही दिलं नाही. उत्तरात आरोप नाकारायचे, आणि हक्काला बाधा न येता असं म्हणून स्वतःहून वेळ लिहून द्यायची. मी तरी सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ६ लिहीन, रविवारी बंद. शेजारच्या आजी दुपारी झोपतात असं तुम्हीच म्हणालात. सोबत काय काय सुधारणा केल्या त्याचे तारखेसकट फोटो लावायचे: मशीन कॉमन भिंतीपासून सरकवलं, खाली जाड रबर पॅड घातले (भिंतीतून जाणारी धडधड त्यानेच कमी होईल, खिडक्या लावून नाही), कापताना शटर बंद, ब्लेडला धार.

त्याच दिवशी नाशिकच्या दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाकून घ्या, ते ९० दिवस चालतं, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई निघणार नाही. दावा आलाच तर कोर्ट एवढंच बघतं की साध्यासुध्या माणसाला शेजारी राहताना हे सोसवेल का, आणि वेळ ठरवून पाळणारा माणूस तिथे नेहमी बरा दिसतो. हवालदार जो "मशीन उचलून नेईन" म्हणून गेला त्याच्याशी वाद घालू नका, परत आला तर लेखी आदेश मागा, आणि खरंच नेलं तर जप्ती पंचनाम्याची कॉपी घेतल्याशिवाय सही करू नका.

बंगल्याचा मंजूर नकाशा आणि कंप्लीशन सर्टिफिकेटची कॉपी मला स्कॅन करून पाठवा, गॅरेज त्यात नेमकं काय म्हणून दाखवलंय ते बघितल्यावरच उत्तराचा ड्राफ्ट फायनल करता येईल. आणि फोटोत दिसतंय ते भुशाचं पोतं त्यांच्या कंपाउंडला टेकवून ठेवलंय, ते आजच उचला.