अभिवचनावर विश्वास आहे, मग डायलिसिस कशासाठी?

प्रश्न: माझे पती पन्नाशीचे आहेत. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीन वेळा त्यांचे डायलिसिस होते. वर्षअखेरच्या उपासनेत नव्या वर्षासाठी पेटीतून काढलेल्या अभिवचनाच्या कार्डावर त्यांना निर्गम १५:२६ हे बायबलमधले वचन मिळाले, ज्यात परमेश्वर स्वतःला बरे करणारा म्हणवतो. आमच्या घरी प्रार्थनेला येणारे एक बंधू म्हणतात, की देवाने शब्द दिल्यावर यंत्रावर जाणे हा अविश्वास आहे. गेल्या आठवड्यात यांनी एक खेप चुकवली आणि रात्रभर त्यांना धाप लागली. मी विरोध केला, तर माझ्याच अविश्वासामुळे त्यांचे बरे होणे अडले आहे, असे मला ऐकवले गेले. प्रभूवर माझा विश्वास आहे, पण मला भीती वाटते. मी चुकते आहे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भगिनी,

तुम्ही चुकत नाही. बाकी सर्व सावकाश बोलू. आधी एवढे करा, की त्यांच्या डॉक्टरांना आजच चुकलेल्या खेपेबद्दल आणि त्या रात्रीच्या धापेबद्दल सांगा, आणि पुढची खेप कोणत्याही कारणाने चुकू देऊ नका. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या माणसाच्या शरीरात दोन खेपांच्या मधल्या दिवसांतही पाणी आणि पोटॅशियम साठत असते. पाणी फुप्फुसांत उतरले की धाप लागते, पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके कोणतीही पूर्वसूचना न देता बिघडू शकतात, आणि डायलिसिस पूर्णपणे थांबवले तर बहुतेक रुग्णांच्या हाती काही दिवस, फार तर काही आठवडे उरतात. पुन्हा धाप लागली तर प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवर करा.

आता अभिवचनाविषयी. हिज्किया राजा मरणाला टेकला असता परमेश्वराने यशयाच्या मुखाने त्याला १५ वर्षांचे आयुष्य वाढवून देण्याचे वचन दिले. याहून स्पष्ट, नाव घेऊन आणि वर्षे मोजून दिलेले आरोग्याचे अभिवचन पवित्र शास्त्रात शोधून सापडणार नाही. तरीही त्याच यशयाने अंजिरांचा लेप आणवून राजाच्या गळवावर लावायला सांगितला, आणि राजा बरा झाला. लेप लावल्याने अभिवचनाचा अपमान होतो, असे ना संदेष्ट्याला वाटले ना राजाला. पौल तीमथ्याच्या पोटाच्या विकारांवर केवळ प्रार्थना सुचवून थांबत नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणतो. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून येतो, आणि त्याच्या अविश्वासाविषयी अवाक्षरही काढत नाही. त्याच पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक होता, ज्याला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपल्या महाराष्ट्रातही ज्या मिशनऱ्यांनी गावोगावी शुभवर्तमान सांगितले, त्यांच्यातल्याच डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात आहेत, असे त्या पिढीने कधी मानले नाही.

तुमच्या पत्रातल्या बंधूंचे म्हणणे ऐकताना मला मत्तयाचा चौथा अध्याय आठवतो, आणि तो तुम्ही पतीसोबत बसून वाचावा, अशी माझी विनंती आहे. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागावर उभे करतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. हे सांगताना तो स्वतःच्या मनचे काही बोलत नाही. तो ९१वे स्तोत्र उद्धृत करतो. देवदूत तुला हातांवर झेलतील हे अभिवचन खरेच होते, देवाचेच होते, आणि ज्याच्यासमोर ते म्हटले गेले त्याच्याइतका त्यावर विश्वास ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. तरीही प्रभूने उडी टाकली नाही. त्याने उत्तर दिले, “परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको.” अभिवचन टेकण्यासाठी दिलेले असते, त्याच्या जोरावर कठड्यावरून उडी टाकून देवाला झेलायला भाग पाडणे, याला शास्त्र विश्वास म्हणत नाही. चालू असलेले डायलिसिस बंद करून देव शब्द पाळतो की नाही हे पाहणे, हे मला त्या उडीपेक्षा वेगळे दिसत नाही.

कार्डावरच्या वचनाचा संदर्भही पाहा. तांबडा समुद्र ओलांडल्यावर इस्राएल लोक तीन दिवस पाण्यावाचून चालून मारा येथे पोहोचले, तर तिथले पाणी कडू निघाले. परमेश्वराने मोशेला एक झाड दाखवले, ते पाण्यात टाकल्यावर पाणी गोड झाले, आणि त्यानंतर हे वचन आले. ते एका संपूर्ण प्रजेला दिलेले आहे, आज्ञा पाळण्याच्या अटीसह दिलेले आहे, आणि मिसऱ्यांवर आलेले रोग तुमच्यावर येऊ देणार नाही, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातून देवाचा स्वभाव आपल्याला नक्की कळतो. तो बरे करणारा देव आहे, आणि तुमच्या पतीने त्याच्याकडे आरोग्य मागत राहावे, अगदी हट्टाने मागावे. परंतु अमुक माणसाची मूत्रपिंडे अमुक वर्षी पूर्ववत होतील, असे त्या ओळीत लिहिलेले नाही. वर्षाच्या सुरुवातीला वचन घेण्याची आपल्या मंडळ्यांतली प्रथा मला प्रिय आहे. तिच्यातून एक वचन वर्षभर मनात राहते. मात्र पेटीतून हाती आलेले कार्ड वैद्यकीय निर्णयाची जागा घेऊ लागले, की ती प्रथा चिठ्ठी टाकून कौल मागण्याच्या फार जवळ जाते, आणि हे पाळकांनी व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगायला हवे.

तुमच्यावर ठेवलेल्या आरोपाने मला सर्वांत अधिक वेदना झाल्या. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप आपल्या मुलाला घेऊन येतो आणि रडत म्हणतो, की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. प्रभू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि त्याला उत्तर मिळाले, “माझी कृपा तुला पुरे आहे.” विश्वासाच्या मापावर आरोग्य मिळत असते, तर ही दोन्ही उत्तरे उलट असायला हवी होती. पंडिता रमाबाईंचेच पाहा. ज्या बाईने दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आणून देवाच्या भरवशावर मुक्ती सदन चालवले, तिच्या विश्वासाविषयी कोण शंका घेईल? त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी वारली, आणि १९२२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतलेल्या होत्या. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची यादी देऊन स्पष्ट म्हणतो, की हे सर्व विश्वासात मेले आणि वचनफळ त्यांना या आयुष्यात प्राप्त झाले नाही. तुम्हाला वाटणारी भीती अविश्वासाची खूण नाही. पतीला धाप लागलेली पाहणाऱ्या बायकोला भीती वाटणारच.

एक शंका मात्र मी मोकळेपणाने मांडते. यंत्रावरचे ते चार-चार तास, पाणी मोजून पिणे, घरी येऊन नुसते पडून राहणे, हे सर्व माणसाला इतके थकवते, की ‘देवाने सांगितले आहे’ या शब्दांमागे ‘मला आता हे सोसवत नाही’ असे दडलेले असू शकते. म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना विचारा, की तुम्ही फार थकलात का. हो म्हणाले, तर ते दुःख डॉक्टरांसमोरही मांडता येते: खेपेनंतरचा अशक्तपणा काही अंशी कमी करता येतो, मन खचले असेल तर त्यावरही उपचार आहेत, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण शक्य आहे का, याचीही विचारणा करता येते. त्या प्रार्थनेतल्या बंधूंना तुम्ही स्वतः उत्तर देत बसू नका. ते काम पाळकांवर सोपवा आणि तोवर ती बैठक घरी नको, असे स्पष्ट सांगा.

याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करवून घ्या, आणि त्यांनी बरे करण्याची मागणी कचरत नव्हे, धैर्याने करावी. ती प्रार्थना डायलिसिस नसलेल्या दिवशी ठेवा. मंडळीतल्या एक-दोघांनी पाळीपाळीने त्यांच्यासोबत रुग्णालयात जाऊन बसावे, अशीही मागणी त्याच वेळी करा. तुम्ही संकोचाने ती अद्याप केली नसावी. रुग्णालयातल्या त्या वेळात पतीला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचून दाखवायला त्यांना सांगा, जिथे मरण आणि जीवन या दोहोंची नावे घेऊन पौल म्हणतो, की ख्रिस्त येशूमध्ये असलेल्या देवाच्या प्रीतीपासून कोणीही आपल्याला वेगळे करू शकणार नाही. हे अभिवचन तुमच्या पतीच्या नावे आहे, विनाअट आहे, आणि यंत्र चालू असतानाही ते खरे आहे.