ड्रमचं कव्हर गेलंय, आवाज चांगला आहे, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, आमची संगमेश्वरकडे बँजो पार्टी आहे. ड्रमसेट सेकंडहँड घेतलेला, २२ इंची बेस, १२ आणि १३ चे टॉम (वरचे छोटे ड्रम), १६ चा फ्लोअर (खाली पायांवर उभा राहतो तो). आवाज एक नंबर, पण वर चिकटवलेलं लाल कव्हर सगळीकडून सुटायला लागलंय, चिकटपट्टी मारून मारून वाजवतोय. ओरिजिनल कव्हर मागवायचं तर आमच्या बजेटबाहेर जातं. गावातला सुतार म्हणतो सनमायका मारून देतो, शोरूमसारखा दिसेल. मारू का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : दादा, सनमायका नको. सुताराचा हात चांगलाच असणार, पण तो कपाटाच्या हिशोबाने बोलतोय. सनमायका साधारण १ मिमी जाड असतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी धरून ड्रमचा व्यास २ मिमीने फुगतो आणि स्किनची (वाजवायच्या पडद्याची) रिंग वरून बसताना अडकते. अडकलेली स्किन कितीही चावी फिरवा, सुरात येत नाही. शिवाय १२ च्या टॉमला एवढा कडक पत्रा वळवायला गेलात तर तडकतो, नाहीतर चार दिवसांनी जोडावर उचकटतो.

तुमच्या कामाची वस्तू आहे ती रेडियमवाल्याच्या दुकानात. गाड्यांना लावतात ते विनाइल घ्या, मॅट, ग्लॉसी, कार्बन, लाकडी डिझाइन, हवं ते मिळतं. जाडी जेमतेम ०.१ मिमी, त्यामुळे स्किन अडकायचा प्रश्नच नाही.

माप असं काढा. ड्रमचा व्यास गुणिले ३.१४, त्यात जोडासाठी दीड इंच. बेसला साधारण ७१ इंच लागतील, फ्लोअरला ५२, १३ ला साडेबेचाळीस आणि १२ ला ३९. शेलची (ड्रमच्या लाकडी पिंपाची) खोली बेसची १६, फ्लोअरची १६, टॉमची ८ आणि ९ धरली तर सगळ्या पट्ट्या एकाखाली एक ४९ इंचात बसतात, म्हणजे ५ फूट पन्ह्याच्या रोलमधून साडेसहा फूट तुकडा पुरे आणि उरलेल्यातून बेसच्या दोन्ही रिंगांना लावायच्या पट्ट्याही निघतील. तुमच्या शेलची खोली मात्र स्वतः मोजून मगच दुकानात जा.

आता काम. सगळं खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक ड्रमचे लग (शेलवरचे धातूचे तुकडे, ज्यात चावीचे बोल्ट बसतात), स्क्रू, वॉशर वेगळ्या डब्यात ठेवा. जुनं कव्हर सोलून काढा, राहिलेला गम थिनरने पुसा, हे अंगणातच करायचं, बंद खोलीत नाही, आणि जवळ विडीकाडी अजिबात नको. खाली उघडं लाकूड लागलं तर त्यावर विनाइल थेट धरत नाही, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपर, मग सँडिंग सीलरचे दोन हात, पूर्ण वाळू द्या, परत हलका पेपर आणि धूळ पुसून मगच चिकटवा. पावसाळ्यात हे काम काढू नका, कोकणात लाकूड तेव्हा ओल धरून असतं, दिवाळीनंतर करा.

चिकटवताना मागचा कागद एकदम काढायचा नाही, चार बोटं काढायचा, कापडाने मधून कडेकडे दाबत जायचं, परत चार बोटं. जोड लगच्या रांगेखाली आणि मागच्या बाजूला येईल असा धरा, म्हणजे समोरून दिसतही नाही आणि लगने दाबून राहतो. भोकं आतून टाचणीने शोधा, ब्लेडने छोटी फुली मारा आणि कोपरे आत दुमडा.

सगळ्यात महत्त्वाचं, स्किन टेकते ती कड मोकळी ठेवा. विनाइल दोन्हीकडे कडेच्या पाव इंच आधीच थांबलं पाहिजे. मी सुरुवातीला एका १४ च्या टॉमला फिनिशिंग छान दिसावं म्हणून ते कडेवरून आत दुमडलं होतं, जोडावर कड उंच झाली, स्किन एका जागी टेकेचना आणि तो ड्रम नुसता भणभणायचा. संध्याकाळभर बसून सगळं परत खरवडून काढावं लागलं.

आणि लग उघडेच आहेत तर आतल्या स्प्रिंगभोवती थोडा कापूस भरून टाका, जुन्या सेटची अर्धी खरखर तिथूनच येते.

प्रश्न : विनाइलऐवजी खणाचं कापड लावलं तर आवाज बसेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नीट चिकटवलंत तर नाही बसणार, आणि दिसेल इतकं सुंदर की मला स्वतःलाच करून बघायचंय. कापड आधी धुऊन इस्त्री करा, आटायचं ते आधीच आटू दे. पांढरा फेविकॉल थोडं पाणी घालून शेलवर सारखा पसरा आणि कापड ताणून लावा, काठ सरळ रेषेत येतोय ना ते सतत बघत राहा कारण गोल शेलवर वाकडा काठ लगेच डोळ्यात भरतो. पूर्ण वाळलं की वर क्लिअर लॅकरचे तीन-चार पातळ हात, नाहीतर पहिल्याच मिरवणुकीत गुलाल बसेल आणि तो काही निघायचा नाही. कापड कुठे सुटं राहिलं तर मात्र तिथे फडफड ऐकू येणार, म्हणून बोटाने टिचकी मारत सगळा घेर तपासा.

प्रश्न : वडिलांचा साठच्या दशकातला मोत्यासारख्या चमकीचा परदेशी सेट आहे, कव्हर पिवळं पडलंय. काढून नवीन लावू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : हात जोडून सांगतो, काढू नका. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारने १९६३ मध्ये घेतलेला लुडविग कंपनीचा काळा ऑयस्टर पर्ल (मोत्याच्या चमकीचा) सेट जगाने बघितला, तेव्हापासून त्या जातीच्या कव्हरला आजही शोधणारे लोक आहेत. आणि दुसरं, त्या काळातली बरीच कव्हरं सेल्युलॉइडची असायची, ते भडकन पेट घेतं, त्यामुळे हीटगन (गरम हवेचं यंत्र) जवळसुद्धा नेऊ नका. मऊ ओल्या फडक्याने पुसा, सुटलेल्या जोडाला थोडा गम लावून पट्ट्याने रात्रभर बांधून ठेवा आणि वाजवा.