फाईलमधला शिक्का

"मॅडम, पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलं आहे. आता काळजी नाही ना?"

ऑगस्ट 2024 पासून हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सतत येतो. बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं तेव्हा उघडकीस आलं. आरोपी काही दिवसांपूर्वीच कंत्राटावर कामाला लागलेला माणूस होता. मग नागपुरातल्या आईवडिलांनीही व्हॅनवाले काका, पाळणाघरातल्या मावशी, पोहायला शिकवणारे सर, सगळ्यांकडे कागद मागायला सुरुवात केली. कागद मागणं योग्यच आहे. पण कागद हातात आल्यावर घरात काय बदलतं, हे मला एका आठ वर्षांच्या मुलाने शिकवलं. त्याला मी इथे ओम म्हणते आणि त्याच्या आईला मंजिरी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंजिरी आली ती ओमच्या पोटदुखीसाठी. बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली होती, त्यात काहीच निघालं नव्हतं.

"कोणत्या दिवशी दुखतं?"

"तसं काही नाही मॅडम. सोमवारी दुखलं, मग बुधवारी... शुक्रवारी तर शाळेतूनच फोन आला."

"या तीन दिवशी संध्याकाळी काय असतं?"

"गणिताचे सर येतात घरी." मग तिने लगेच पिशवीतून निळी फाईल काढली. "पण त्यांचं सगळं चेक केलेलं आहे. हे बघा ना."

फाईल नीटनेटकी होती. आधारची झेरॉक्स, भाडेकरार, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची प्रत, त्यावर शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीचा जांभळा गोल शिक्का. त्या तासाभरात "चेक केलेलं आहे" हे मंजिरीने निदान पाच वेळा म्हटलं असेल. मी मोजलं नाही, पण माझ्या कानात ते अडकलं. एखादी गोष्ट माणूस वारंवार सांगतो, तेव्हा बहुधा तो ती स्वतःलाच सांगत असतो.

या कागदात नेमकं काय असतं? त्या माणसावर पोलिसांच्या नोंदीत गुन्हा आहे की नाही, एवढंच. गुन्हा नोंदवायला तक्रार लागते आणि तक्रारीसाठी कुणीतरी बोलावं लागतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली देशभरातल्या मुलांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अत्याचार सोसलेल्या बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, असं त्यात आढळलं. म्हणजे पहिल्यांदा पकडला जाईपर्यंत प्रत्येकाची पाटी कोरीच. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण प्रचंड असतं, आणि मामाची, शेजारच्या दादाची किंवा कुटुंबमित्राची पडताळणी कुणी करत नाही. तरीही पडताळणी हवीच. पोक्सोच्या 2020 च्या नियमांनुसार मुलांचा नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना ती ठरावीक काळाने करावीच लागते. ज्याच्यावर आधीच नोंद आहे तो दारातच अडतो, हा फायदा थोडाथोडका नाही. पण हे दाराचं कुलूप झालं, आणि मी मात्र आत राहणाऱ्या मुलाबरोबर काम करते.

ओमशी पहिल्या दोन भेटींत मी सरांचा विषयच काढला नाही. मुलाला प्रश्नांनी घेरलं की ते उत्तर देत नाही, ते आपल्याला हवं तेच उत्तर शोधायला लागतं. आम्ही मातीचे प्राणी केले आणि त्याने मला फ्री फायर या मोबाइल गेममधल्या बंदुका समजावून सांगितल्या. तिसऱ्या भेटीत त्याला माझ्या टेबलावरचा पावती-शिक्का सापडला. त्याने तो शाईच्या पॅडवर दाबला, कोऱ्या कागदावर उमटवला, पुन्हा दाबला, पुन्हा उमटवला. पंधरा-वीस ठसे झाले असतील. बोटं जांभळी झाली. मी काहीच बोलले नाही. मग खाली बघतच त्याने विचारलं,

"हा मारला की माणूस चांगला होते का?"

"तुला काय वाटतं?"

"आईच्या फाईलमध्ये आहे. आई म्हणे, पोलिसांनी सरांना चांगलं म्हटलं आहे." शिक्का पुन्हा पॅडवर. "मग मीच वाईट आहो ना?"

अठरा वर्षं या खुर्चीवर बसते आहे. मुलांच्या तोंडून पुष्कळ काही ऐकलं, पण त्या एका वाक्यावर मी आजही थांबते. सरांवर आपला विश्वास आहे आणि तूही घाबरू नकोस, हे सांगायला आईने तो कागद मुलाला प्रेमानेच दाखवला होता. मुलाने त्यातून काढलेला अर्थ असा: मोठ्या माणसांनी आणि पोलिसांनी मिळून निकाल दिला आहे, आता आपलं कोण ऐकणार? आईला धीर देणाऱ्या कागदाने लेकराची वाचा बंद केली होती. पोटदुखी ही त्या बंद वाचेची वाट होती.

मी त्याला एवढंच म्हटलं, "पोलिसांना ओम कुठे भेटला होता? त्यांना तुझी गोष्ट माहीत नाही. मला तू सांगितलीस तर मी ऐकेन, आणि मी रागावणार नाही."

मग त्याने सांगितलं. दार लावून घेणं, मांडीवर बसवणं, आणि कुणी हात लावू नये तिथे कपड्यांवरून हात लावणं. "हे आपलं सिक्रेट."

पहिल्याच भेटीत मी मंजिरीला सांगून ठेवलं होतं की असं काही समोर आलं तर ते माझ्यापाशी राहू शकत नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ओमचे बाबा मात्र अडखळले.

"कपड्यांवरूनच होतं ना मॅडम? केस होते का त्याची?"

नागपूरच्या माणसाने हे विचारावं याचं मला नवल वाटलं नाही. 19 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने, आपल्याच शहरातल्या एका खटल्यात, त्वचेला त्वचेचा स्पर्श नसेल तर तो पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही, असा निकाल दिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. जुनी बातमी लोकांच्या लक्षात राहिली, पुढची राहिली नाही.

ओमचा जबाब घरीच झाला. साध्या कपड्यांतल्या महिला उपनिरीक्षक आल्या, दिवाणावर त्याच्या शेजारी बसल्या. कायद्यात तशीच तरतूद आहे, आणि पालकांनी ती हक्काने मागावी.

त्यानंतरच्या भेटी जास्त करून मंजिरीबरोबर झाल्या. "मी कुठे चुकून गेली?" हे ती विचारायची, आणि मी तिला ठामपणे सांगायची की चुकलं त्याचं, ज्याने हात लावला. पण पुढे काय वेगळं करायचं, ते आम्ही बसून ठरवलं. तेच मी इथे प्रत्येक आईवडिलांना सांगते. मुलासमोर कुणालाही "चांगला माणूस आहे" असं प्रमाणपत्र देऊ नका, आजोबांनाही नाही. त्याऐवजी म्हणा, "कुणीही असो, तुला नको वाटलं तर मला सांग, मी तुझं आधी ऐकेन." सरप्राइज आणि सिक्रेट यांतला फरक शिकवा: सरप्राइज एक दिवस सगळ्यांना कळतं, सिक्रेट मात्र कधीच कुणाला सांगू नकोस असं बजावलं जातं. पाहुण्यांच्या मांडीवर बसायला, पापा द्यायला भाग पाडू नका. घरी "नाही" म्हणायची सवय नसलेलं मूल बंद खोलीत ते कुठून म्हणणार? शिकवणी हॉलमध्ये होऊ द्या, दार उघडं राहू द्या, आणि कधीतरी वेळेच्या आधी घरी या.

आणि मूल बोललंच, तर तुमचा चेहरा सांभाळा. रडू, संताप सगळं नंतर. पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. एकदा ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि मग 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस ठाणं गाठा. ओमची पोटदुखी एका दिवसात गेली नाही. पण जबाबाच्या दुसऱ्या दिवशी त्याने आईला आपणहून तर्री पोहे मागितले, हे मंजिरीने मला फोन करून कळवलं. कितीतरी दिवसांनी तो पोटभर खात होता.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा नवीन मॅडम शिकवायला लागून दोन आठवडे झाले होते.

"व्हेरिफिकेशन केलं?" मी विचारलं.

"केलं ना. फाईल कपाटात ठेवली, ओमला दाखवली नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "टेबल कुठे ठेवायचं, ते त्यालाच विचारलं. त्यानं ओढत आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर ठेवलं. मी पोळ्या लाटत असते, तर मध्येच मान वर करून बघून राहते तो."