पोटात बाळ असताना आनापान

अगं, सातव्या महिन्यात मांडी घालून तासभर ध्यानाला बसायचा हट्ट नको. खुर्चीत बस, पाठीला उशी घे, नाहीतर डाव्या कुशीवर पडून नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघ, हेच आनापान. कपालभाती, भस्त्रिका असे जोरजोरात श्वासाचे प्रकार आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, आता बंद. उताणं पडूनही ध्यान नकोच. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि चक्कर येते. बाळ हललं तर लक्ष खुशाल तिकडे जाऊ दे.

बाळंतपणानंतर पहाटेची ध्यानाची बैठक मोडणारच. तान्हं दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं. त्यातल्या एखाद्या वेळी मोबाइल लांब ठेवून त्याचं चोखणं, गिळणं ऐक. झोप मिळत असेल तर मात्र आधी झोप. आणि रडू, उदासी 2 आठवड्यांनंतरही ओसरली नाही, तर ध्यान वाढवत बसू नकोस, घरच्यांना सांग आणि डॉक्टरांकडे जा.