लाजाळूला दिशा कळत नाही का?

प्रश्न : खिडकीतला मनीप्लँट उजेडाकडे वळतो. पण कुंडीतल्या लाजाळूला आमचा नातू वरून, खालून, कुठूनही बोट लावो, पान मिटते ते एकाच तऱ्हेने. असे का? आणि तो दिवसभर हेच करत राहिला तर झाड मरेल का?
– एक आजी, दापोली

उत्तर : मनीप्लँटचे वळणे ही वाढ आहे. सावलीकडची बाजू जास्त लांबते, म्हणून खोड उजेडाकडे झुकते. याला काही दिवस लागतात. लाजाळूत वाढीचा संबंधच नाही, तिथे चालते ती पाण्याची हलवाहलव.

देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे एक फुगीर गाठ दिसेल. धक्का बसला की गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामागोमाग पाणी, आणि ती बाजू ढिली पडते. कोणती बाजू ढिली पडायची हे गाठीच्या घडणीतच ठरलेले असते. बोट कुठून आले याला काही किंमत नाही. देठाच्या गाठीची खालची बाजू ढिली पडते, म्हणून देठ खाली लोंबतो. पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या छोट्या पात्यांच्या, बुडाशीही अशाच बारीक गाठी असतात; त्यांची मात्र वरची बाजू ढिली पडते, म्हणून पर्णिका वर मिटतात. मी शाळेत हे मुद्दाम दाखवायचे; सगळी पोरे पानांकडे बघत, देठाकडे एकही नाही!

बोटच हवे असेही नाही. जळती काडी जवळ नेली तरी पाने मिटतात, आणि पुढची पानेसुद्धा ओळीने मिटत जातात. हा निरोप विजेच्या रूपाने जातो, हे जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः बनवलेल्या यंत्रांनी मोजले होते. संध्याकाळी तर लाजाळू आपणहून मिटते, चिंचेसारखी. 1729 मध्ये द मेरां या फ्रेंच माणसाने अशीच पाने मिटणारी झाडे अंधारात कोंडून पाहिली, तरी त्यांची उघडमीट वेळच्या वेळी चालूच राहिली.

आता नातवाचे. झाड मरणार नाही. पण मिटलेले पान पुन्हा उघडायला दहा-पंधरा मिनिटे घेते, आणि तेवढा वेळ त्याला ऊन कमी मिळते. सारखे छेडले तर काही वेळाने ते दाद देईनासे होते. माझ्याकडच्या एका झाडाने असेच केले, तेव्हा ते वाळतेय असे समजून मी ते उपटून टाकले. तुम्ही तसे करू नका, रात्रभर विश्रांती द्या आणि सकाळी बोट लावून बघा.