ब्रेकचा रिकॉल आलाय, पण गाडी तर नीट थांबतेय!

ब्रेकमधल्या दोषासाठी कंपनीने गाडी परत बोलावलीये, आता काय करू, अशा पत्रांनी यावेळी माझा इनबॉक्स भरून गेलाय. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं शक्य नाही म्हणून सहा पत्रं निवडली, बाकीच्यांच्या शंकाही यातच येऊन जातील असं बघितलंय.

प्रश्न : ताई, कंपनीचं पत्र आलंय की ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोष असू शकतो, गाडी घेऊन या. पण गाडी चार वर्षांची आहे, मस्त थांबते, कधी कुरकुर नाही. आमचे हे म्हणतात की हा सर्व्हिस सेंटरचा गिऱ्हाईक ओढायचा प्रकार आहे, एकदा गाडी आत गेली की दहा कामं काढतील. न्यावी का?

न्या, आणि या आठवड्यातच न्या. रिकॉलचं काम फुकट असतं, पार्टचे पैसे कंपनीचे आणि मजुरीही कंपनीची, त्यामुळे यात तुमच्याकडून कुणाची कमाई होत नाही, उलट कंपनीला मोठा फटका बसतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बीएमडब्ल्यूने ब्रेक सिस्टीमच्या दोषासाठी जगभरातल्या १५ लाखांहून जास्त गाड्या यात असल्याचं सांगितलं, ते ब्रेकचं युनिट बाहेरच्या पुरवठादाराकडून, कॉन्टिनेंटलकडून आलेलं होतं, आणि त्यापायी कंपनीला त्या वर्षाच्या नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला. हौस म्हणून कुणी असं करत नाही. बाकीची दहा कामं काढली तर सरळ सांगा की आज फक्त रिकॉलचं काम करा, बाकीचं मी विचार करून सांगते. तो तुमचा हक्क आहे.

आता "मस्त थांबते" याबद्दल. हे वाक्य मीही म्हणायचे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या आधीच्या गाडीला असाच रिकॉल आला होता आणि मी तो तीन महिने पुढे ढकलला, कारण पॅडल छान होतं आणि गाडीखाली तेलाचा एक थेंब दिसत नव्हता. मधल्या काळात ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी दोनदा खाली गेली, मला वाटलं पॅड झिजलेत (पॅड झिजले की पातळी थोडी उतरते हे खरंच आहे) आणि मी वरून ऑइल घातलं आणि विसरून गेले. शेवटी गाडी नेली, मेकॅनिकने मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) काढला, मागचा बूस्टर (व्हॅक्यूमच्या म्हणजे हवेच्या ओढीच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा) काढून तिरका केला आणि त्यातून ऑइल ओघळलं. सिलिंडरचं मागचं सील गेलेलं, ऑइल बाहेर न येता बूस्टरच्या पोटात साठत होतं, म्हणून जमीन कोरडी, आणि मी वरून भरत गेल्यामुळे पातळीचा दिवाही लागला नाही. एकच खूण गाडी देत होती आणि ती मीच पुसत होते. मागच्या सीटवर रोज माझी मुलगी बसायची. ते ऑइल ओघळताना बघितलं तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

पायाला का कळत नाही, तर आजच्या गाड्यांच्या ब्रेकला दोन वेगळे सर्किट (ब्रेक ऑइलचे स्वतंत्र मार्ग) असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं, आणि रोजच्या सिग्नलला आपण पॅडल जेमतेम चतकोर दाबतो. दोष असतो तो जोरात ब्रेक मारायच्या वेळी उघडा पडणारा, म्हणजे समोर कुणी आडवं आलं त्या क्षणी. तुमच्या ह्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

प्रश्न : पत्रात लिहिलंय की दोष आहे पण पार्ट अजून उपलब्ध नाहीत, आले की कळवू. मग तोवर मी काय करायचं? मला रोज ऑफिसला जायला गाडी लागतेच.

हे सगळ्यात वाईट पत्र, भीती घालतं आणि वाट बघायला लावतं. पण ते नीट परत वाचा, कारण त्यात साधारण तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते. "गाडी चालवू नका" असं असेल तर विषय संपला, गाडी उभी करा आणि कंपनीकडे दुसरी गाडी किंवा गाडी उचलून न्यायची सोय मागा, अशा वेळी बऱ्याचदा देतात पण मागितल्याशिवाय नाही. दुसरा प्रकार, "गाडी इमारतीपासून लांब, उघड्यावर लावा". ब्रेकच्या दोषात पार्किंगचा काय संबंध असं वाटेल, पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांनी मिळून सुमारे ३४ लाख गाड्यांच्या मालकांना हेच सांगितलं होतं, कारण एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये ब्रेक ऑइल झिरपून शॉर्टसर्किट होऊ शकत होतं आणि गाडी बंद असतानाही आग लागू शकत होती. तेव्हा असं लिहिलं असेल तर ते अक्षरशः पाळा, घराखाली गाडी लावू नका. तिसरा प्रकार म्हणजे दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नाही, फक्त लक्षणं दिलीयेत. तुमचं पत्र बहुतेक यातलं असावं. तरी कस्टमर केअरला फोन करून "गाडी चालवू की नको" हे थेट विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

चालवायची असेल तर रोज निघायच्या आधी एक मिनिट द्या. इंजिन बंद असताना पॅडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल, मग तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय, अजिबात हललं नाही तर मदत मिळत नाहीये. मग इंजिन चालू ठेवून एकसारख्या दाबाने अर्धा मिनिट धरून ठेवा. पॅडल हळूहळू तळाकडे चाललं असेल तर कुठेतरी दाब निसटतोय, अशी गाडी रस्त्यावर काढूच नका, मग ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. डबीतली पातळी बघा, आणि कमी झाली तर माझ्यासारखं वरून भरून मोकळं होऊ नका, का कमी झाली ते शोधायला लावा. आणि हो, ही तपासणी पास झाली म्हणजे रिकॉल रद्द झाला असं नाही हं, एबीएसचे किंवा सॉफ्टवेअरचे दोष यात दिसत नाहीत.

आणि चालत्या गाडीत ब्रेक गेलाच तर? यात एक फरक आहे जो मला वाटतं प्रत्येक गाडीवाल्याला पाठ असायला हवा, आणि फार कमी जणांना माहीत असतो. पॅडल मऊ पडून खाली जात असेल तर ऑइल गळालंय किंवा हवा शिरलीये, तेव्हा पटापट दाबा-सोडा करा, थोडा दाब परत तयार होतो. पण पॅडल दगडासारखं घट्ट झालं असेल तर बूस्टरची मदत गेलीये, ब्रेक अजून आहेत, तिथे दाबा-सोडा करू नका कारण दर वेळी उरलासुरला व्हॅक्यूम खर्च होतो. तिथे एकदाच, पूर्ण ताकदीने, लागलं तर दोन्ही पायांनी दाबा आणि सोडू नका. थांबायला जास्त अंतर लागेल पण गाडी थांबेल. दोन्ही वेळा गिअर एकेक करून खाली आणा, ऑटोमॅटिक असेल तर लो किंवा मॅन्युअल मोडला घ्या, हॅझर्ड लावा, हॉर्न वाजवत राहा. हँडब्रेक एकदम खेचू नका, बटण दाबलेलं ठेवून हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं लॉक झाली तर लगेच सोडता येतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये ते स्विच ओढून धरून ठेवलं की गाडी स्वतः आपत्कालीन ब्रेक लावते, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. आणि गाडी चालू असताना चावी बंद करायची नाही, स्टिअरिंग जड होतं आणि चावी बाहेर काढली तर लॉकही होऊ शकतं.

प्रश्न : ऑफिसातल्या सहकाऱ्याची आणि माझी गाडी सेम मॉडेल, सेम वर्ष. त्याला रिकॉल आला, मला नाही. कंपनी विसरली का मला?

बहुतेक नाही. रिकॉल बहुधा अख्ख्या मॉडेलवर नसतो, बॅचवर असतो. अमुक तारखांदरम्यान अमुक पुरवठादाराचा पार्ट ज्या गाड्यांना बसला तेवढ्याच येतात, त्यामुळे एकाच महिन्यातल्या दोन गाड्यांतही फरक पडतो. तुमचा चॅसी नंबर घ्या, १७ अक्षर-आकड्यांचा असतो, काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावर किंवा गाडीच्या कागदांवर मिळेल, आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. टाकताना ओ किंवा आयसारखं काही दिसलं तर ते शून्य किंवा एक हे आकडेच समजा, कारण त्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दामच वापरत नाहीत. आज काही निघालं नाही तरी दोन-तीन महिन्यांनी परत बघा, कंपन्या पुढे यादी वाढवतात असं बरेचदा होतं.

प्रश्न : मी गाडी सेकंडहँड घेतली. चॅसी नंबर टाकल्यावर दोन वर्षांपूर्वीचा ब्रेकचा रिकॉल दिसतोय, काम झालेलंच नाही. मी पहिला मालक नाही तर पैसे पडतील का? शिवाय मागच्या वर्षी तोच पार्ट मी बाहेरच्या गॅरेजमध्ये स्वखर्चाने बदललाय.

रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही, त्यामुळे मालक बदलला म्हणून तो संपत नाही. वॉरंटी संपली असेल, सर्व्हिसिंग बाहेर केलं असेल, तरी त्याचा याच्याशी संबंध नाही, काउंटरवर कुणी तसं म्हणालं तर मॅनेजरला बोलवा. गाडीच्या वयाची मर्यादा मात्र देशागणिक असते, अमेरिकेत पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं फुकट दुरुस्ती करून द्यावीच लागते. पत्र मिळालं नाही कारण ते नोंदणीवरच्या जुन्या पत्त्यावर गेलं असणार, तेव्हा कंपनीकडे तुमचं नाव-पत्ता-फोन आधी बदलून घ्या.

बाहेर बदललेल्या पार्टचं बिल जपून ठेवलंय ना? ते घेऊन परतफेड मागा. अमेरिकेत रिकॉलआधी खर्च केलेल्यांसाठी परतफेडीची योजना कंपनीला द्यावी लागते, इतर ठिकाणी नियम नसला तरी लेखी मागितल्यावर कंपन्या बिल बघून विचार करतात. आणि तरीही गाडी दाखवाच, कारण बाहेर बसवलेला पार्ट त्याच जुन्या बॅचमधला असू शकतो.

प्रश्न : ब्रेकचा रिकॉल म्हणून सुट्टी टाकून गेलो आणि त्यांनी फक्त लॅपटॉप लावून वीस मिनिटांत गाडी परत दिली. भावाच्या गाडीला तर नुसता फ्यूज बदलला. ही फसवणूक नाही का?

तुमच्या बाबतीत तरी नाही वाटत मला. आता ब्रेकमध्ये सॉफ्टवेअर असतं आणि दोषही त्यात असू शकतो. २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि आणखी काही हायब्रिड अशा जगभरातल्या ४ लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस लागताना ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटायचा, आणि त्यावर उपाय सॉफ्टवेअरच बदलणं हाच होता. एकही नट काढला नाही तरी काम पूर्ण झालं होतं.

फ्यूजचं थोडं वेगळं आहे. मगाशी सांगितलेल्या आगीच्या रिकॉलमध्येही उपाय फ्यूजच होता, जास्त करंट वाहायला लागला की तो उडतो आणि आग लागत नाही. पण फ्यूज गळती बंद करत नाही. म्हणून भावाला सांगा, ऑइलची पातळी महिन्यातून एकदा बघ, एबीएसचा दिवा लागला तर त्याच दिवशी गाडी ने, आणि युनिट आतून गळतंय का हे तपासून जॉब कार्डवर लिहून घे. मला स्वतःला अर्धवट वाटणारा उपाय आहे हा, पण तो न करण्यापेक्षा केलेला नक्कीच बरा.

दोघांनीही जॉब कार्डवर रिकॉलचा नंबर, तारीख आणि काय केलं हे लिहिलंय का बघा. नुसतं "चेक केलं, ओके" चालणार नाही. आठवड्याभराने चॅसी नंबर परत टाकून काम पूर्ण दाखवतंय का तेही बघा.

प्रश्न : तीन वेळा अपॉइंटमेंट घेतली, तीनही वेळा आदल्या दिवशी फोन, पार्ट नाही आला. आता चौथी तारीख दिलीये. कुणाकडे दाद मागायची?

आधी दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, रिकॉलचं काम कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरमध्ये होतं, जिथे गाडी घेतली तिथेच करायचं बंधन नाही, आणि हे तुम्हाला पहिलं सेंटर कधी सांगणार नाही. तेही नाही जमलं तर कंपनीला ईमेल लिहा, त्यात चॅसी नंबर, रिकॉलचा नंबर आणि तीनही रद्द झालेल्या तारखा द्या, आणि पार्ट येईपर्यंत पर्यायी गाडी मागा. फोनवर बोललेलं मोजलं जात नाही. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच ईमेल जोडून वाहन सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार करा. आणि चौथ्या तारखेला निघायच्या आधी सकाळी फोन करून पार्ट हातात आहे का हे विचारा, "येईल" म्हणाले तर जाऊ नका, "आलाय" म्हणाले तरच निघा.