गाडी बदलण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बाबांची जुनी पेट्रोल गाडी काढून जास्त ॲव्हरेजची नवी घ्यायची, त्यात पर्यावरणाचंही भलं आहे, असं तू लिहिलंस. तुझी कळकळ खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सातपूरला गाड्यांच्या कारखान्यात, पत्रे कापून-दाबून भाग बनवतात त्या प्रेस शॉपमध्ये माझी तीस वर्षं गेली. दाराच्या पत्र्यातून खिडकीचा तुकडा कापला गेला की खाली स्क्रॅपमध्ये खणकन पडायचा. तो पुन्हा वितळतो, पण त्यालाही ऊर्जा लागतेच. कोळशाच्या भट्टीतून एक टन नवं पोलाद निघेपर्यंत साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. वर ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, काच, टायर आणि रंग भाजायच्या भट्ट्या. लहान गाडी शोरूममध्ये उभी राहते तेव्हाच तिच्या नावावर पाच-सहा टन लागलेले असतात, एक किलोमीटरही न धावता.

आता तुझं बघ. कॉलेज रोड ते अंबड, जाऊन-येऊन वर्षाला धर ६,००० किलोमीटर. जुनी लिटरला १४ देते, म्हणजे ४३० लिटर. नवी २० देईल, म्हणजे ३००. वाचले १३०. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला ३०० किलो. पाच टन फिटायला सोळा-सतरा वर्षं! वर्षाला ६०,००० किलोमीटर धावणाऱ्या मुंबईच्या टॅक्सीचे तेच पाच टन दोन वर्षांच्या आत फिटतात. गाडीचं वय नंतर बघ, आधी धाव बघ.

इलेक्ट्रिकचंही असंच. तिच्या बॅटरीचा बोजा वेगळा, आणि आपली वीज अजून बरीचशी एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. जास्त चालवलीस तर ती नक्की जिंकते; तुझ्या धावेला बराच वेळ लागेल.

धुराचा प्रश्न मात्र निराळा. तुझी जुनी डिझेल असती, तर विकूही नको, मोडीतच काढ म्हणालो असतो. विकलेली गाडी दुसऱ्या गावात धूर ओकतच राहते.

रविवारी गाडी घेऊन ये. एअर फिल्टर, प्लग, टायरची हवा बघू आणि टाकी फुल करून ॲव्हरेज मोजू. पीयूसी आणि आरसी बुक आण. १५ वर्षं भरत आली असतील तर आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते.

तुझा,
काका